पांढऱ्या कोटाच्या बाह्या

२ जुलै

वन्सं, नमस्कार.

हे पत्र मुंगीच्या कपड्यांच्या पिशवीत वरच्या कप्प्यात घालते आहे. फोन करणार होते, पण तुम्ही तिकडून "बोल" म्हणता आणि इकडे माझ्या मागे बॉयलर बोलायला लागतो. शिवाय मुंगी तुमच्या शेजारी कान टवकारून उभी असणार, म्हणजे तिच्याबद्दल काही बोलायची सोय नाही. त्यापेक्षा पत्र बरं. काउंटरवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा चार ओळी लिहायच्या. मध्येच अक्षर बदललेलं दिसलं तर समजा, कुणीतरी शर्ट घेऊन आलं होतं.

लेक तुमच्या खोलीत मावली हे ऐकून जीव भांड्यात पडला. वसतिगृहाचा खर्च ऐकला त्या दिवशी तुमच्या भावाने गरम इस्त्री शर्टावर तशीच ठेवली. आमच्या लाँड्रीत जळलेला तो पहिला शर्ट. गिऱ्हाइकाला नवा घेऊन दिला आणि मग मला म्हणाले, "ताईला विचारू या." विचारताना त्यांना किती जड गेलं ते तुम्हाला सांगायला नको. लाँड्रीचा पहिला बॉयलर तुमच्या पैशांतून आला. तुम्ही घरासाठी साठवलेले पैसे होते ते. माणूस बोलत नाही, पण विसरलेलाही नाही.

म्हणून ते निरोप देताना जे म्हणाले ते मनाला लावून घेऊ नका. मी जसंच्या तसं पुन्हा लिहिते, नंतर कुणी म्हणायला नको की कळलं नव्हतं. फीचा पहिला हप्ता तुम्ही भरलात. ऑक्टोबरचा दुसरा आम्ही भरू. राहणं-जेवण तुमच्याकडे. आणि हे सगळं तुमची नोकरी आहे तोवर. "मुंगीपायी ताईची ओढाताण होतेय असं कळलं, त्या दिवशी मुंगी घरी. पुन्हा मी ताईला लुबाडणार नाही." हट्टी आहेत तुमचे बंधुराज. पण हट्ट कुठून आला ते आपल्या दोघींना ठाऊक आहे.

फार्मसीच्या प्रयोगशाळेत रोज लागतात म्हणून मी तिला दोन पांढरे कोट शिवलेत. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची दोऱ्याची खूण असते, तशी दोन्ही कोटांच्या कॉलरखाली तांबडी खूण घातली आहे. ती हसली. हसू दे. कपडे दर रविवारच्या बसने पाठवा, ड्रायव्हर ओळखीचा आहे. तुमच्या खोलीला ऊन दिसत नाही आणि लाँड्रीवाल्याच्या मुलीने कपडे बाहेर धुवायला दिले तर आमचं नाक कापलं जाईल. तुमचेही घाला म्हटलं असतं, पण तुम्ही ऐकणार नाही.

तुमची भावजय

११ जुलै

प्रिय भावजयबाई,

तुझ्या पत्रात चुका फार. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवणार होते, पण छापखान्यात दिवसभर तेच करून डोळे दुखतात, म्हणून सोडून दिलं. या कागदावर शाई पुसटलेली दिसेल. डावखुऱ्या माणसाच्या नशिबी तेच असतं. आपणच लिहायचं आणि आपल्याच मनगटाने फासायचं. मास्तरांनी लहानपणी छड्या मारल्या तरी हात काही बदलला नाही.

मुंगी आनंदात आहे. उभ्याने जेवते, चालताना वाचते आणि आंघोळ करताना औषधांची नावं मोठ्याने म्हणते. शेजारच्या बाईंना वाटलं घरात कुणी आजारी आहे. मी कामावरून आले की मला समोर बसवते आणि प्रश्न विचार म्हणते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती अडली की डोळे वर फिरवते, ते मला कळतं. मग मी "पुन्हा वाच" म्हणते. अशी आमची शिकवणी चालते. या खोलीत इतकी वर्षं मी एकटीच बोलत होते आणि तेही भिंतीशी, हे आता जाणवायला लागलंय.

माझे कपडे मी धुते. अजून हात धड आहेत. धाकट्याला सांग, मला कुणी लुबाडत नाहीये. मी चांगली सुखात आहे.

तुझी वन्सं

३० जुलै

वन्सं, नमस्कार.

तुम्ही चुका काढता तशी मी डाग काढते. दोघींचा धंदा एकच म्हणायचा. फरक एवढाच की तुमच्या चुका कागदावर राहतात आणि माझे डाग गिऱ्हाईक घरी जाऊन पुन्हा पाडून आणतं.

खरं सांगू, रविवारची पिशवी मी कुणालाही उघडू देत नाही. कोट बघितला की मला मुंगीचा आठवडा कळतो. गेल्या वेळी जांभळा शिंतोडा होता, त्याच्या आधी आयोडिनचा तपकिरी. शिवाय सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, म्हणजे ॲसिड उडालेलं. सगळं उजव्या बाहीवर, डावी जशीच्या तशी कोरी. ओतायची घाई नडते तिची, लहानपणी तेलही अशीच सांडायची. डाग काढते, भोकं रफू करते आणि काढता काढता उगाच फुगते. इथे इतक्या लोकांचे कपडे धुतले, पण शिकल्याचा डाग पहिल्यांदाच बघते आहे.

इकडे वाफेची प्रेस गळायला लागली आहे. खाली घमेलं ठेवून भागवतोय. तुमच्या भावाची रोज नव्या प्रेसच्या माणसाशी बोलणी चालतात आणि रोज मी म्हणते, आधी फी, मग प्रेस. ते घमेल्याकडे बघतात आणि मी कॅलेंडरकडे. सकाळी ते कपडे पोचवायला जातात, मी धुण्यावर. दुपारी ते इस्त्रीवर, मी काउंटरवर. नवराबायको असल्याचं कधी कधी दुकानाच्या पाटीवरच कळतं.

थांबा, गिऱ्हाईक आलं.

गेलं. कोटाला शाई लागली होती, म्हणे लहान मुलाने केलं. कोट त्याचा, खिसा त्याचा, पेन त्याचं आणि दोष मुलाचा. असो.

भावजय

४ सप्टेंबर

प्रिय भावजयबाई,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर राहून गेलं. हल्ली सकाळी लवकर निघते. कामाचा रेटा आहे. मुंगी बरी आहे, अभ्यास करते. पेन सापडत नाही म्हणून पेन्सिलीने लिहिते आहे. पाय थोडे सुजतात, वयाचं आहे, काळजी करू नये. पिशवी पाठवते आहे.

वन्सं

१२ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाटलं, तार आली की काय. एरवी छापखान्यातल्या गमती असतात. कुणाच्या लग्नपत्रिकेत वराच्या जागी सासऱ्याचं नाव गेलं, असलं काहीतरी. या वेळी काहीच नाही. शिवाय पाय का सुजतात? तुमचं काम बसून करायचं.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. रागावू नका आणि मुंगीला इतक्यात काही बोलू नका. ऑगस्ट सरत आला तेव्हापासून पिशवीत एकच कोट येतो, दुसरा कुठे असतो कळत नाही. जो येतो त्यावर प्रयोगशाळेतलं काही म्हणजे काही नाही. ना आयोडिन, ना भोकं. तेल आहे, चहा आहे आणि बीट. गेल्या तीनही खेपांना बीट. कोट गरम पाण्यात टाकला की तळलेल्या कांद्याचा वास येतो. खिशात जेवणाचं कुपन निघालं, फाडलेलं.

मी मनाला समजावलं की पोर कुठेतरी जेवते, सांडते. पण वन्सं, मला कुणी कपडे शिकवायला नकोत. जेवणाऱ्याचा डाग छातीवर पडतो. वाढणाऱ्याचा बाहीवर आणि पोटावर पडतो. हे डाग वाढणाऱ्याचे आहेत.

मुंगी कॉलेजला जाते ना? मला फक्त खरं सांगा. तुमच्या भावाला अजून काही बोलले नाही.

भावजय

१७ सप्टेंबर

प्रिय भावजयबाई,

जाते. रोज जाते. मी सांगते आहे ना, मग विश्वास ठेव. कॉलेजशेजारी दवाखान्याचं कँटीन आहे, तिथे सगळी मुलं कोट घालून जेवतात, गर्दी असते, धक्के लागतात. दुसरा कोट ती इथेच धुते, कारण रोज लागतो. एका डागावरून एवढं रामायण रचू नको.

दुसऱ्या हप्त्याची तारीख ऑक्टोबरच्या मध्याला आहे, तेवढं लक्षात ठेव.

वन्सं

३ ऑक्टोबर

वन्सं,

तुमच्यावर विश्वास ठेवायचा म्हणून मी पंधरवडा गप्प बसले. परवाचा कोट आला आणि मग राहवलं नाही. पोटावर कढईची काजळी आहे. धक्का लागून काजळी लागत नाही. कढई उचलणाऱ्याला लागते.

दुकानातूनच मुंगीला फोन केला. विचारलं, तू कुठे काम करतेस? म्हणाली, कुठेच नाही, मी कॉलेजला जाते. मी म्हटलं, मग कोटावरचे डाग कुठले? वन्सं, ती गप्प बसली. माझी मुंगी, जी झोपेतसुद्धा बडबडते, ती गप्प बसली. मी म्हटलं, तू खोटं बोलशील, कोट खोटं बोलत नाही. तिने फोन ठेवला.

तेव्हा आता मला कळलं ते असं. तिने कॉलेज सोडलं आहे, कुठल्यातरी खानावळीत वाढते आहे आणि तुम्ही मायेपोटी तिला पाठीशी घालता आहात. कारण काय असेल ते असो. अभ्यास झेपला नसेल, लाज वाटली असेल. मला आधी सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं? इथे आम्ही एकमेकांचं तोंड न बघता राबतो ते तिने ताटं वाढावीत म्हणून नाही. ताटं वाढायचीच तर घरची लाँड्री काय वाईट होती?

तुमच्या भावाला सांगितलं. नुसती इस्त्री फिरवत राहिले, एकाच शर्टावर. मग मीच म्हटलं, फीचे पैसे ठेवून करायचं काय, प्रेस घेऊन टाका. काल त्या माणसाला सगळे पैसे दिले. येत्या आठवड्यात प्रेस येईल.

मुंगीला रविवारच्या बसने पाठवून द्या. कपड्यांची पिशवी आता नको.

भावजय

५ ऑक्टोबर

प्रिय भावजयबाई,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग बसले. प्रेसचे पैसे दिले नसतेस तर कदाचित अजूनही गप्प राहिले असते. आता राहून चालणार नाही.

तो कोट मुंगी घालत नाही. मी घालते.

ऑगस्टमध्ये छापखान्याच्या मालकांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला. तेव्हाच समजले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी चहा मागवला नव्हता. आता मुद्रितं वाचायला यंत्र आहे म्हणाले, चुका तेच काढतं. एक पाकीट दिलं. मी टेबलाच्या खणातून माझी लाल पेनं काढून घेतली आणि बाहेर आले. रस्त्यात उभी राहिले तर डोळ्यांसमोर तूही नाही, मीही नाही, धाकटा दिसला. "त्या दिवशी मुंगी घरी." तो शब्दाचा किती पक्का आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मग ठरवलं, त्याला कळूच द्यायचं नाही.

या वयाच्या बाईला काम कोण देणार? दवाखान्याच्या कँटीनने दिलं. सकाळी भाज्या चिरायच्या, दुपारी वाढायचं, संध्याकाळी कढया घासायच्या. मुंगीलाही सांगितलं नव्हतं. छापखान्यात जाते म्हणून डबा घेऊन निघायची. पण त्या कँटीनमध्ये कॉलेजची मुलं जेवतात, हे मी सोयीस्करपणे विसरले होते. एका दुपारी रांगेत ती माझ्यापुढे आली, हातात ताट. माझ्या हातात डाव. मागे मुलं खोळंबलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्या, थोडं जास्त वाढ." बाकी काही नाही. मी वाढलं. त्या संध्याकाळी घरी आले तर तिचा दुसरा कोट माझ्या खुंटीवर लावलेला. कँटीनचा कोट आपल्या पगारातून घ्यावा लागतो आणि मी तोवर कुणाचा तरी जुना, फाटका घालून उभी राहत होते, ते तिने बघितलं होतं.

मळका कोट घालून आलं की मुकादम परत पाठवतो. आमच्या गार पाण्यात तेल निघेना. मुंगी म्हणाली, माझा मी इथे धुते, तुझा आईकडे जाऊ दे, आईच्या हाताशिवाय हे डाग जायचे नाहीत. दोघींनाही वाटलं, खूण तांबडीच आहे, तुला काय कळणार. आम्ही दोघी किती मूर्ख. तू कोण आहेस हेच विसरलो.

तिने फोनवर तोंड उघडलं नाही, कारण मी तिच्याकडून वचन घेतलं होतं. दोष माझा आहे. तिच्यावर राग धरू नको. ती वर्गात वरच्या मुलांत आहे. तारीख दहा-अकरा दिवसांवर आली आहे. काय करायचं ते कर, पण धाकट्याला माझं सांगू नको. त्याला हे कळलं तर फी भरूनही मुंगी घरी येईल.

ड्रायव्हरच्या हाती पिशवी देते आहे. आत मुंगीची चिठ्ठी आहे.

वन्सं

आई,

कोट खोटं बोलत नाही, बरोबर आहे तुझं. पण तू कोटाला विचारलंस, मला नंतर विचारलंस, आणि तेव्हा तुझं ठरलेलं होतं. सोबत माझा कोट पाठवला आहे. मुद्दाम धुतला नाही. बघ.

रविवारी यायचं असेल तर येईन. पण आत्या एकटी पडेल. तिचे पाय फार सुजतात.

मुंगी

९ ऑक्टोबर

वन्सं,

दोन्ही कोट दुकानात दांडीवर शेजारी शेजारी टांगले. एकाची उजवी बाही रंगलेली, दुसऱ्याची डावी. डावी, वन्सं. तुम्ही स्वतः मला लिहिलं होतं, आपणच लिहायचं आणि आपल्याच मनगटाने फासायचं. ते पत्र माझ्याच खणात आहे. मी दर रविवारी तो डाग हातात धरला, साबण लावला, चोळला, त्याचा वास घेतला, पण बाही कुठली ते बघितलं नाही. लेकीवर संशय घ्यायची एवढी घाई झाली होती. ओतायची घाई तिला माझ्याकडूनच आली असणार.

मुंगीला फोन केला. क्षमा माग म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही, आपोआप मागितली गेली. ती "जाऊ दे गं" म्हणाली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता तुमच्या भावाचं. तुमचा शब्द मोडला नाही. पण फीचे पैसे परत मिळवायचे तर त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, मी चुकले, डाग कॉलेजचेच होते, मुंगी शिकते आहे, प्रेस परत करा. त्यांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू? डागात?" एवढंच. एवढ्या संसारात मी डागात चुकलेली त्यांनी पाहिलेली नाही. मी आणखी काही बोलले असते तर ते वाफेसारखं बाहेर आलं असतं, म्हणून पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

उद्या प्रेसवाल्याकडे जातो म्हणाले. चांगला शर्ट काढून ठेवला आहे. पैसे पूर्ण परत देतो की कापून, देव जाणे. जीव टांगणीला लागला आहे.

भावजय

१४ ऑक्टोबर

प्रिय भावजयबाई,

तुझ्याकडून काहीच कळलं नाही म्हणून लिहिते. फीची मुदत परवा संपते. मुंगी पुस्तक उघडं ठेवून एकाच पानावर बसते. मुकादमाकडे उचल मागून बघितली, तो हसला. माझे ते पाकिटातले पैसे उरले आहेत तेवढे मी काढून ठेवले आहेत, पण ते पुरणार नाहीत. धाकटा काय म्हणाला? त्याला संशय आला का? मला हल्ली दारावर कुणी थाप मारली तरी वाटतं, मुंगीला न्यायला आला.

एक गंमत सांगते. मन किती वेडं असतं बघ. मागच्या आठवड्यात एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी टेबलं पुसत होते. कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी जेवून ताट बाजूला सारलं होतं आणि हात पुसायचा कागद घडी करून ठेवला होता. कडा आत, कोपऱ्याला कोपरा, तुमच्या दुकानातल्या शर्टासारखा. मी तो हातात घेऊन उगाच उभी राहिले. घरची आठवण आली, रडूही आलं. मग मुकादम ओरडला, तसा टाकून दिला.

लवकर कळव.

वन्सं

१५ ऑक्टोबर

वन्सं, नमस्कार.

हे पत्र बसच्या पिशवीतून येत नाहीये, मुंगीचे बाबा स्वतः घेऊन येत आहेत, फीच्या पैशांबरोबर. ते आधी कॉलेजात जाऊन पैसे भरतील, मग तुमच्याकडे येतील. तुम्ही दार उघडाल तेव्हा घाबरू नका. ते मुंगीला न्यायला आलेले नाहीत.

त्या दिवशी ते चांगला शर्ट घालून गेले ते उन्हं कलल्यावर परतले. प्रेसवाला काय म्हणाला विचारलं तर म्हणाले, "कापून देणार. हरकत नाही, घमेलं आहेच." हातपाय धुतले, शर्ट धुण्यात टाकला आणि इस्त्रीला उभे राहिले. मी सवयीने खिसे तपासले, शर्ट उलटा केला आणि तिथेच उभी राहिले. छातीवर बिटाचा डाग होता. जेवणाऱ्याचा. प्रेसवाल्याच्या गल्लीत बीट कुठून येणार? दांडीवरच्या दोन्ही बाह्या त्यांनीही बघितल्या असणार, आणि मुंगीच्या कॉलेजापर्यंत बस जाते.

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात असंच चालतं. डाग काढायला घेतला, तर निघता निघेना, कारण मलाच दिसत नव्हतं. तुमची टेबलाची गोष्ट आज सकाळी वाचली, तेव्हा मी पुन्हा धुण्यावर जाऊन रडून आले. वन्सं, तो कागद तुम्ही टाकायला नको होता.

पाच दिवस ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मीही धीर धरला. तुमच्या भावाचा शब्द मला माहीत आहे. तुमची ओढाताण त्यांनी डोळ्यांनी बघितली होती आणि आता ते म्हणणार, मुंगीला घेऊन ये. रोज सकाळी मी ते वाक्य ऐकायच्या तयारीने उठत होते. उत्तरही जुळवून ठेवलं होतं, भांडणाचं.

काल प्रेसवाल्याने पैसे दिले, कापूनच. कमी पडले तेवढे आम्ही दोघांनी इकडून तिकडून केले, ते जाऊ दे. संध्याकाळी ते तुमचा कोट इस्त्री करत होते. डावी बाही फळीवर घेतली, ताणली, मनगटापासून खांद्यापर्यंत हाताने सरळ केली आणि तिथेच थांबले. मान वर केली नाही.

म्हणाले, "ही बाही आखूड कर. ताईच्या हातावर येते, कढईत लोळत होती."

मी म्हटलं, "करते."

"आणि तुझी ती खूण. मुंगीचीच ठेवलीस?"

मी "हो" म्हटलं. त्यांनी इस्त्री फिरवली. थोड्या वेळाने म्हणाले, "ताईला स्वतःची घाल. तिने माझ्या बॉयलरसाठी एकदा घराचे पैसे सोडले, आता नोकरीचं लपवलं. मी नको म्हटलं म्हणून ती थांबणार आहे थोडीच. निदान कोट तरी तिच्या मापाचा असू दे."

वन्सं, ते मोडले नाहीत, वाकले. मला वाटत नाही त्यांना हे सोपं गेलं. रात्रीचं जेवण त्यांनी ताटात चिवडलं. तुमच्याशी ते यातलं काही बोलणार नाहीत. तुम्हीही काढू नका. त्यांना नीट वाढा, थोडं जास्त, म्हणजे झालं. आता दर रविवारी दोन्ही कोट पाठवा, आणि तुमचे बाकीचे कपडेही. नाही म्हणायची सोय तुम्ही घालवली आहे. पायांना गरम पाण्याचा शेक द्या. दुसरं काम मिळालं तर बघा, नाही मिळालं तर डाग काढायला मी आहे.

पिशवीत वर तुमचा कोट आहे. दोन्ही बाह्या चार बोटं आत घेतल्या आहेत, शिवण उसवून बघू नका, घाईत केली आहे. कॉलरखाली बघा. तांबडा दोरा काढला आणि निळा घातला. तो आमच्या घरच्या कपड्यांचा आहे.

तुमची भावजय